घर न मोडणारा सुधारक : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो, तोच १६ जानेवारी हा दिवस येतो. १९०१ साली याच दिवशी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे मुंबईस देहावसान झाले. आणखी दोन दिवस आयुष्य लाभते तर त्यांना ५९ वर्षे पूर्ण झाली असती. जन्मदिन आणि स्मृतिदिन असे लागोपाठ येत असल्यामुळे त्यांचे स्मरण करण्यास हा सुमार उचित आहे.

आपल्या देवस्थानच्या पत्रिकेत साधुसंतांची व आचार्यांची चरित्रे येत असतात. जो गृहस्थ प्रार्थनासमाजाच्या उपासनेस जात असे, विधवाविवाहाचा पुरस्कार केल्यामुळे ज्याच्या पक्षावर ग्रामण्य झाले, त्याचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. आम्ही हा विषय घरी काढला तेव्हा आमच्या तीर्थरूपांनीही हीच शंका घेतली. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या देवाची पूजाअर्चा करणारे. तेव्हा ही शंका त्यांनी घ्यावी यात नवल नाही. तरीही हे चरित्र लिहावे असे आम्हांस वाटले, आणि त्याचे कारण आम्हांस मंदिराच्या सभामंडपातच सापडले.

सायंकाळची आरती आटोपली की वडीलधारी मंडळी मंडपात घटकाभर बसतात. मुलगा बंगळुरास किंवा पुण्यास नोकरीला गेला, कुळधर्म कुळाचार मागे पडले, श्राद्धपक्ष उरकण्यापुरता उरला, सून कोणत्या घरची येईल याचा भरवसा नाही, अशी बोलणी तेथे निघतात. त्याच मंडपाच्या पायरीवर सुटीस आलेली तरुण मंडळी बसलेली असतात. मनातले घरी सांगावे तर अबोला, न सांगावे तर लपवाछपवी, अशा कात्रीत आपण सापडलो आहोत असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंस वाटते की हे संकट आपल्यावर प्रथमच कोसळले आहे. परंतु इंग्रजी विद्या, नवे कायदे आणि नवी नोकरी यांनी आपल्या घरांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले त्यास आता दीडशे वर्षे होऊन गेली. त्या पहिल्या पिढीत बाप आणि लेक, धर्म आणि मत यांची ओढाताण ज्यांच्या घरी अगदी टोकास गेली, त्यांत रानड्यांचे घर अग्रभागी होते. म्हणून हे चरित्र.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंद अमृत रानडे सरकारी नोकरीत होते. मातोश्रींचे नाव गोपिकाबाई. पुढे गोविंदरावांस कोल्हापूर दरबारात नोकरी मिळाली आणि माधवरावांचे बालपण अंबाबाईच्या त्या नगरीत गेले. आपल्या सीमाभागातील कित्येक घराण्यांच्या सोयरिकी कोल्हापुरास जडलेल्या आहेत; तेव्हा हे मूल आपल्या शेजारीच वाढले असे म्हणण्यास हरकत नाही.

निफाडहून कोल्हापुरास बैलगाडीने जाताना घडलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. रात्रीची वेळ, गाडीतील सर्वांस झोप लागलेली. एका खाचखळग्यात गाडीस हिसका बसला आणि अडीच वर्षांचे हे मूल खाली रस्त्यावर पडले. गाडी तशीच पुढे गेली. मागून घोड्यावरून त्यांचे विठुकाका येत होते. अंधारात टापांचा आवाज ऐकून मुलाने त्यांना हाक मारली आणि आपण पडलो असल्याचे सांगितले, म्हणून तो सापडला. एरवी हे मूल फारसे बोलत नसे. ते मंद निपजणार आणि पुढे दहा रुपयेदेखील मिळविणार नाही, अशी चिंता आईस लागून राहिली होती. एकदा आईने बर्फीचे दोन तुकडे दिले, मोठा त्याला व लहान सोबतच्या चाकराच्या मुलाला. माधवने मोठा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला आणि धाकटा आपण खाल्ला. आईला वाटले, याला आपले हित कळत नाही. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की पुढच्या आयुष्यातही मोठा वाटा दुसऱ्यास देण्याचे प्रसंग या पुरुषावर अनेकदा आले, आणि ते सगळेच बर्फीइतके गोड नव्हते. आई लवकर वारली. वडिलांनी दुसरा विवाह केला. सावत्र आई आणि धाकटी भावंडे असे मोठे कुटुंब झाले.

कोल्हापूरची शाळा संपवून माधवराव मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ते होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे सोबती. १८६४ साली ते एम.ए. झाले आणि १८६६ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. वाचनाचा अतिरेक होऊन त्यांचे डोळे बिघडले व ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. विद्यार्थिदशेत मराठ्यांच्या राज्यकारभाराची बाजू घेऊन निबंध लिहिल्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली होती. परंतु त्यांनी आपले मत बदलले नाही आणि गुरूंविषयीचा आदरही सोडला नाही. मत सोडावयाचे नाही आणि माणूसही तोडावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव येथेच प्रथम दिसतो.

मुंबईस १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज स्थापन झाला. रानडे व भांडारकर लवकरच त्यात सामील झाले. एका निराकार ईश्वराची भक्ती करावी, मूर्तीची पूजा करू नये, अशी त्या समाजाची शिकवण. मूर्तीसमोर निरांजन लावणाऱ्या घरात आम्ही वाढलो. ती शिकवण आम्हांस मान्य नाही, आणि हे लपविण्याचे कारणही नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणांपुढे दोन वाटा मोकळ्या होत्या. एक मिशनऱ्यांची, दुसरी देवधर्म सारे थोतांड मानण्याची. रानड्यांनी दोन्ही नाकारल्या. प्रार्थनासमाजाने कोणाला जात किंवा घर सोडण्याची अट घातली नव्हती, आणि त्याची उपासना उभी राहिली ती तुकोबांच्या अभंगांवर. नव्या विद्येच्या माणसाला पुन्हा आपल्याच संतांच्या पायाशी आणून बसविणारी अशी ती वाट होती. माधवराव पहाटे अंथरुणातच उठून बसत आणि टाळ्या वाजवीत अभंग म्हणत. गळा गोड नव्हता, परंतु म्हणता म्हणता डोळ्यांतून अश्रू वाहत. ही त्यांची नित्याची पूजा होती आणि ती अखेरपर्यंत चुकली नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील अवघड प्रसंगाकडे वळू. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली होती. समाजाची मान्यता मात्र नव्हती. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यासाठी मंडळी उभी केली आणि रानडे तिचे आधारस्तंभ झाले. १८६९ साली मुंबईस असा एक विवाह घडून आला व मोठी खळबळ उडाली. १८७० साली पुण्यास शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि त्यांच्या पक्षावर बहिष्कार पडला. श्रुतिस्मृतींतील वचनांच्या आधारे रानड्यांनी आपली बाजू मांडली होती. धर्म सोडून ते बोलत नव्हते, धर्मग्रंथ उघडून बोलत होते.

या साऱ्या वादाच्या पाठीमागे त्यांच्या स्वतःच्या घरचे एक दुःख होते. त्यांची धाकटी बहीण दुर्गा हिला तरुण वयातच वैधव्य आले होते. सभेत ज्याचा पुरस्कार करावयाचा, ते आपल्या घरी बहिणीसाठी घडवून आणणे त्यांना शक्य झाले नाही. दुर्गाबाई जन्मभर माहेरीच राहिल्या आणि जुन्या रीतीप्रमाणेच राहिल्या. भावाची मते सर्व देशाला ठाऊक होती, पण घरी शब्द वडिलांचा चालत असे.

१८७१ साली माधवरावांची पुण्यास न्यायाधीशाच्या जागी नेमणूक झाली. घरात त्यांच्या पत्नी सखूबाई होत्या. बालपणीच लग्न झालेल्या या पतिपत्नींचे एकमेकांवर फार प्रेम होते. ऑक्टोबर १८७३ मध्ये सखूबाई निवर्तल्या. माधवराव तेव्हा ३१ वर्षांचे होते. आता हे एखाद्या विधवेशीच विवाह करणार, अशी सुधारकांना आशा आणि गोविंदरावांना धास्ती वाटू लागली. मुलाच्या दुःखाचा पहिला भर ओसरण्यापूर्वीच त्यांनी वधूचा शोध आरंभिला. देवराष्ट्रे येथील कुर्लेकर यांची कन्या त्यांच्या पसंतीस उतरली. तिचे वय ११ वर्षांचे होते.

माधवरावांनी वडिलांस परोपरीने विनविले. आपणांस पुन्हा संसार करावयाचा नाही, निदान सहा महिने तरी थांबावे, असे त्यांनी सांगून पाहिले. गोविंदराव बधले नाहीत. मुलाने ऐकले नाही तर आपण कोल्हापुरास निघून जाऊ आणि मग आपला संबंध उरणार नाही, असा त्यांचा निर्वाणीचा शब्द होता. मग माधवरावांनी वधूपित्याचेच मन वळविण्याचा यत्न केला. आपण सुधारक आहोत, आपले डोळे व कान अधू आहेत, पुढेमागे विलायतेस जाण्याचा विचार आहे आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, हे सारे त्यांनी त्या गृहस्थांस स्पष्ट सांगितले. परंतु ते सर्व गोष्टींचा विचार करूनच आले होते. डिसेंबर १८७३ मध्ये विवाह लागला. वैदिक विधीपलीकडे कोणताही थाट करू दिला गेला नाही. विवाह होताच नवरदेव घरी आले आणि कोणाशी एक शब्दही न बोलता आपल्या खोलीत गेले.

देशभर टीकेचे काहूर उठले. ज्याने इतरांस धैर्य शिकविले त्याचेच धैर्य स्वतःवर वेळ येताच गळाले, असे प्रतिपक्ष हसून म्हणू लागला आणि मित्र मान खाली घालून म्हणू लागले. रानड्यांनी कोणासही उत्तर दिले नाही. या प्रसंगाचा निवाडा करणे आम्हांस सोपे वाटत नाही. पितृआज्ञा पाळली म्हणून केवळ गौरव करावा, तर एका ३१ वर्षांच्या माणसाची प्रतिज्ञा मोडली, आणि ११ वर्षांच्या बालिकेला तर कोणी विचारलेही नव्हते. दूषण द्यावे, तर ज्या पित्याने जन्मभर कष्ट करून मुलाला शिकविले, त्याला म्हातारपणी घराबाहेर जाऊ देणे हा कोणता मोठा धर्म, असा प्रश्न उभा राहतो. आम्हांस एवढे मात्र दिसते की आज्ञा देणाऱ्यानेही विचार करावा असा हा प्रसंग आहे. वडिलांचा शब्द हे घरातले मोठे धन आहे. ते मुलाचे मन मोडण्यासाठी खर्च झाले म्हणजे दोघेही दरिद्री होतात. गोविंदरावांनी सून मिळविली, पण त्या दिवशी बंद झालेल्या खोलीच्या दाराबाहेर त्यांनाही उभे राहावे लागले.

परंतु चरित्र येथे संपत नाही, किंबहुना येथे सुरू होते. मनाविरुद्ध झालेल्या या विवाहाचा राग माधवरावांनी त्या मुलीवर कधी काढला नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला आपले नाव ठाऊक आहे काय, लिहिता वाचता येते काय, असे विचारले. अक्षरओळख नाही असे कळताच लगेच तिचे शिक्षण सुरू झाले. दिवसभर कचेरीचे काम, सायंकाळी सभा. त्यानंतर रात्री दिव्यापाशी पाटी पुढे ठेवून हे न्यायाधीश आपल्या बालपत्नीला मुळाक्षरे गिरवावयास लावीत. ही मुलगी म्हणजेच पुढच्या रमाबाई रानडे.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे मुळीच रुचले नाही. दुर्गाबाईही त्यांत होत्या. टोमणे, अबोला, कामाचा भार, सारे त्या पोरीच्या वाट्यास आले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पाटीही खाली ठेवली नाही. पतीने त्यांना सहन करावयास सांगितले, परंतु शिक्षण थांबविले नाही. मराठी झाल्यावर इंग्रजी आले. पुढे पुण्यास मुलींसाठी मोठी शाळा व्हावी म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे झालेल्या समारंभात रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी परतल्यावर त्यांचे स्वागत कसे झाले असेल हे सांगावयास नको! ती शाळा १८८४ साली सुरू झाली. हुजूरपागेची मुलींची शाळा म्हणून ती आज सर्वांना ठाऊक आहे. दुर्गाबाईंच्या बोलण्यातील कडवटपणाचा दोष आम्ही एकट्या त्यांच्यावर ठेवू इच्छीत नाही. ज्या स्त्रीला तरुणपणीच सारे सोडावे लागले, तिच्या डोळ्यांसमोर दुसरीला सारे मिळत होते. घराची शांतता राखण्याची किंमत घरातील स्त्रियांनीच अधिक मोजली, हे या चरित्रातील कटू सत्य आहे.

वडिलांशी पुन्हा एकदा खटका उडाला. विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः विधवेशी विवाह केला होता. ते पुण्यास आले असता माधवरावांनी त्यांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. गोविंदराव तेव्हा तेथेच होते. त्यांना हा प्रकार असह्य झाला व त्यांनी कोल्हापुरास जाण्याची तयारी चालविली. माधवराव वडिलांसमोर येऊन नुसते उभे राहिले. पुष्कळ वेळ दोघेही बोलेनात. अखेर त्यांनी सांगितले की वडील गेले तर आपणही नोकरीचा राजीनामा देऊ. हे शब्द ऐकून वृद्ध पित्याचे मन द्रवले आणि बांधलेले सामान सोडले गेले. यात जय कोणाचा झाला हे आम्हांस सांगता येणार नाही. जेवणाचे निमंत्रण मागे घेतले गेले नव्हते आणि पिताही घर सोडून गेला नाही, एवढे खरे.

१८७५ साली स्वामी दयानंद पुण्यास आले. रानड्यांच्या पुढाकाराने त्यांची व्याख्याने झाली आणि निरोपाच्या वेळी हत्तीवरून मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. रानडे पायी चालत होते. त्यांच्या अंगावरही चिखल उडाला, पण त्यांनी फिर्याद केली नाही. ते स्वतः न्यायाधीश होते, हे येथे विसरता कामा नये.

१८७७ साली गोविंदराव वारले. सावत्र आई आणि धाकटे भाऊ यांचा सांभाळ माधवरावांनी पोटच्या ओढीने केला. पुढील काही वर्षे बदल्यांची गेली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत पुण्यातील पेशव्यांच्या वाड्यांस आग लागली आणि सरकारचा संशय सुशिक्षित ब्राह्मणांवर गेला. रानड्यांची धुळ्यास बदली झाली व त्यांची पत्रे फोडून वाचली जाऊ लागली. त्यांनी तेही शांतपणे सोसले. काही काळाने संशय आपोआप फिटला. १८८६ च्या सुमारास सरकारी समितीच्या कामासाठी ते कलकत्त्यास राहिले असता बंगाली शिकू लागले. दाढी करावयास आलेल्या न्हाव्यासही ते पुस्तकातील अडलेले शब्द विचारीत. रमाबाईंना हसू आवरेना. परंतु ज्याच्यापाशी विद्या आहे तो गुरू, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता प्रायश्चित्ताचे प्रकरण. पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे आम्ही ते अधिक आस्थेने वाचले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. शहरातील ४० हून अधिक प्रतिष्ठित मंडळी तेथे गेली होती. रानडे, टिळक आणि गोखले हे तिघेही त्यांत होते. समारंभाच्या शेवटी चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी बाजूस ठेवली. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली व पुण्यात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले; चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. चहाच्या एका पेल्यासाठी घराघरांतून पंक्ती मोडल्या. लग्नकार्ये अडली, लेकी माहेरी येईनाशा झाल्या.

रानड्यांस या बहिष्काराची स्वतःसाठी पर्वा नव्हती. परंतु त्यांच्या एका मित्राचे वृद्ध वडील या तेढीने अत्यंत कष्टी झाले होते. मुलाने प्रायश्चित्त घ्यावे अशी त्यांची काकुळती, आणि रानड्यांनी घेतल्यावाचून मित्राने घेणे शोभणारे नव्हते. १८९२ साली रानड्यांनी मित्रांसह प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांची पुन्हा निर्भर्त्सना केली. खुद्द रमाबाईंसही हे आवडले नाही. अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या वडिलांसाठी जो अपवाद त्यांनी पदरी घेतला, तोच आता दुसऱ्याच्या वडिलांसाठी घेतला.

या प्रसंगावर आमचे आमच्या तीर्थरूपांशी पुष्कळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे पडले की प्रायश्चित्ताचा प्राण पश्चात्ताप आहे. ज्यास आपण पाप केले असे वाटतच नाही, त्याने पंचगव्य घेऊन उपयोग काय, आणि असे प्रायश्चित्त देणाऱ्या शास्त्र्यांनी तरी काय साधले! आम्हांस वाटले होते की ते रानड्यांना दोष देतील, पण त्यांचा रोख अधिक करून देणाऱ्यांकडे होता. धर्माचा विधी माणसाला वाकविण्यासाठी वापरला की विधीच हलका होतो, असे ते म्हणाले. चाळीस वर्षे पौरोहित्य केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून आम्ही काही वेळ निरुत्तर झालो. मागाहून त्यांनी एवढी पुस्ती जोडली की मित्राच्या म्हाताऱ्या बापासाठी चारचौघांत मान खाली घालणे हेही एक तपच आहे, फक्त ते पोथीत लिहिलेले नाही.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंग यांच्या निधनानंतर मुंबईच्या उच्च न्यायालयात रानड्यांची नेमणूक झाली. पद मोठे झाले, राहणी साधीच राहिली. एखादे उत्तम फळ पुढे आले तर त्यातील एखादी फोड खाऊन ते थांबत, कारण जिभेला लगाम असावा असा त्यांचा नेम होता. १८९५ साली पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास कडाडून विरोध झाला. रानड्यांनी हट्ट न धरता परिषद फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात भरविली. परिषद झाली आणि मंडपही फाटला नाही. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिवछत्रपतींचे राज्य केवळ तलवारीने उभे राहिले नाही, त्याआधी ज्ञानोबा-तुकोबांसारख्या संतांनी लोकांची मने एक केली होती, असे त्यात त्यांनी दाखवून दिले. राज्यकर्त्यांच्या भाषेत, राज्यकर्त्यांस वाचता येईल असे, आपल्या वारकऱ्यांचे माहात्म्य त्यांनी लिहून ठेवले. मूर्तीची पूजा न करणाऱ्या या पुरुषाने पंढरीच्या वाटेचा असा गौरव केला, हे आपण मंदिरात येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षाच्या अखेरीस हृदयविकार बळावला. लाहोरच्या परिषदेस त्यांना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री, रमाबाई जवळ असतानाच, त्यांनी देह ठेवला.

रमाबाईंना तेव्हा ३९ वे वर्ष लागत होते. पतीच्या मागे त्या घराच्या कोपऱ्यात बसून राहिल्या असत्या तर जुन्या रीतीस ते धरूनच झाले असते. परंतु रात्रीच्या त्या दिव्यापाशी शिकलेली अक्षरे आता कामास आली. १९०८ साली मुंबईस आणि १९०९ साली पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली. ज्या विधवा व निराधार स्त्रियांना घरात स्वयंपाकावाचून दुसरे काम नव्हते, त्या तेथे शिक्षिका आणि रुग्णपरिचारिका होऊन बाहेर पडू लागल्या. १९१० साली त्यांच्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि या चरित्रातील घरगुती हकीकती जगास ठाऊक झाल्या त्या मुख्यतः त्यामुळेच. १९२४ साली त्यांचे निधन झाले. दुर्गाबाईंसाठी जे करता आले नाही, ते दुसऱ्या कित्येक दुर्गांसाठी त्या घरच्या सुनेने केले. ज्या सुनेला गोविंदरावांनी सुधारणा रोखण्यासाठी घरात आणले, तिनेच ती पुढे नेली, ही ईश्वरी योजना गोविंदरावांस कशी ठाऊक असणार!

या चरित्रातून एखादे सोपे सूत्र काढून वाचकांच्या हाती द्यावे असे आम्हांस वाटत नाही. वडिलांचे सर्व ऐकावे, असे ते सांगत नाही. कारण माधवरावांनी मते एकही सोडली नाहीत. वडिलांचे काही ऐकू नये, असेही ते सांगत नाही. ज्याला घरात बदल हवा आहे त्याने घरात राहून, रोज थोडे, आपल्या कष्टाने तो घडवावा. आणि ज्याला जुने राखावयाचे आहे त्याने ते धाकाने राखू नये, एवढे मात्र आम्हांस त्यात दिसले. गोविंदरावांच्या मनात मुलाविषयी प्रेमच होते, आणि माधवरावांच्या मनात पित्याविषयी भक्तीच होती. असे असूनही दोघांमध्ये एक दार बंद झाले. मग ज्या घरांतून बोलणेच थांबले आहे, त्यांची काय कथा!

आमच्या तीर्थरूपांनी हा लेख ऐकून घेतला आणि छापावयास संमती दिली; केवळ मूर्तिपूजेविषयीचे आमचे वाक्य गाळू नये एवढी सूचना केली, ती आम्ही पाळली आहे. आता वाचकांस एक विनंती. ज्या घरी मुलगा किंवा मुलगी सुटीस आलेली असेल आणि काही बोलावयाचे राहून गेले असेल, त्या घरी सायंकाळी देवापुढे दिवा लागल्यावर हे चरित्र कोणी तरी मोठ्याने वाचावे. वाचून झाल्यावर वडिलांनी थोडा वेळ काही बोलू नये, आणि मुलांनी लगेच उठून जाऊ नये.